‘हू’ लावून जोडलेला बाप

“अहो, जरा पुढे या. लाजू नका. असे उभे राहा, म्हणजे सगळ्यांना दिसाल.”

सर माईकवर बोलत होते. माझे वडील शेवटच्या रांगेतून उठले, फळ्याजवळ येऊन उभे राहिले आणि सवयीनं हात जोडले. कुणाला, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

कोथरूडमधला क्लास. दहावीची नवी बॅच भरायची म्हणून पालकांसाठी फुकट डेमो लेक्चर. खोली एवढीशी, की सर खोकले तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाई. पण माईक हवाच. कोटही हवा. आणि त्या वर्षी मीही हवी होते. लांबच्या धायरीहून येणारी, फुकट शिकणारी मुलगी. सरांनी माझी फी माफ केली होती आणि ते खोलीतल्या पंख्यालासुद्धा ठाऊक होतं. वडिलांनाही बोलावणं होतं, म्हणून ते खाडा करून आले होते.

विषय रिलेटिव्ह क्लॉज. दोन इंग्रजी वाक्यं घ्यायची, मध्ये ‘हू’ घालायचा, एक लांब वाक्य तयार. सरांचा आग्रह जिवंत उदाहरणांचा. आधी एका डॉक्टरांचा मुलगा उभा राहिला. त्याचं वाक्य झालं, बुद्धिबळ खेळणारा मुलगा. मग आमची पाळी. सरांनी सुबक इंग्रजी अक्षरात लिहिलं: हा माणूस आहे. तो मार्केट यार्डात पोती उचलतो.

“जोड,” सर मला म्हणाले.

मी जोडलं. “धिस इज द मॅन हू कॅरीज सॅक्स इन मार्केट यार्ड.”

व्याकरण निर्दोष. टाळ्या. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. वडिलांनी इकडं-तिकडं पाहिलं आणि तेही टाळ्या वाजवू लागले. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं. मुलीनं काहीतरी बरोबर सांगितलं, एवढं कळलं होतं.

“आता शेवटचं.” सरांनी लिहिलं: ही मुलगी आहे. हिची फी मी माफ केली आहे. “लाव ‘हूज’.”

वाक्य माझ्या डोक्यात तयार होतं. सोपं होतं.

“बोल ना, बाळ.”

“नाही बोलणार, सर.”

“का? येत नाही?”

“येतं.”

सर पालकांकडे वळले. “मूड गेला! काळजी नको, मूडची आम्ही वेगळी फी घेत नाही.” हशा पिकला. वडीलही हसले.

बसमध्ये त्यांनी विचारलं, “माझ्याबद्दल काय बोललीस गं?”

सांगितलं. सरांनी फीचं काय लिहिलं होतं, तेही.

“खोटं काय हाय त्यात? उचलतोच की.”

“आणि फीचं?”

“ते बी खरंच हाय. उपकार करणारा बोलून दाखवतो. आपण ऐकून घ्यायचं. उद्या जाऊन माफी माग. दहावी हाय तुझी.”

एकही शब्द खोटा नव्हता, मग बोट ठेवायचं कुठं? डॉक्टरांच्या मुलाच्या वाक्यात डॉक्टर नव्हते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. वडील गेले, माझ्या वतीनं माफी मागून आले. तरी जागा गेली. सर त्यांना म्हणाले म्हणे, “आपण देत राहायचं, पण घेणाऱ्याला किंमत हवी ना!” इंग्रजी मी घरीच केलं. मार्क बेताचे पडले. पुढच्या वर्षी क्लासच्या फ्लेक्सवर दुसरी मुलगी होती. फोटोखाली तिची आई कुठं भांडी घासते ते छापलं होतं.

आता मी कॉलेजात आहे. मदत अजून लागते, घेतेही. देणारे सत्कार ठेवतात. “घरच्यांना घेऊन या हं, स्टेजवर बोलावू,” म्हणतात. मी तोंडावर सांगते, घरचे येणार नाहीत. त्यांना उभं करायचं असेल तर मदत ठेवून घ्या. एकांनी खरंच ठेवून घेतली.

घेऊ देत. बाप मिळणार नाही.