पुढचं वाक्य

कापराचा वास आला की मला आमच्या कॉलेजातला पडदे ओढलेला हॉल आठवतो. मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षी आम्हाला छोटी फिल्म करायची होती. वर्गातला एक मुलगा आणि मी मिळून माझ्या बाबांची हिंदीत मुलाखत घेतली. ते आमच्या गावच्या नदीवर, दुर्गाघाटावर, यात्रेकरूंना पूजा सांगतात. शूटिंग मी केलं, एडिटिंग त्यानं; ते मी आधी पाहिलं नव्हतं. फिल्म दाखवायच्या दिवशी बाबा घाटावरून थेट आले आणि माझ्या शेजारी बसले. त्यांच्या उपरण्याला कापराचा वास येत होता. पडद्यावर बाबा म्हणाले, "लोग डरे हुए आते हैं, जो माँगो दे देते हैं," आणि लगेच दक्षिणेच्या ताटाचं दृश्य आलं. हॉल हसला. पण मुलाखतीत बाबा पुढे म्हणाले होते, "इसीलिए हम कुछ माँगते नहीं." तेवढंच कापलं होतं. नंतर त्या मुलाला गाठलं, तर म्हणाला, "वरना बोरिंग लगता, यार." सरांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही, फिल्म सगळ्यांना आवडली होती. घरी जाताना बाबा आणि मी आमच्या दूधविनायकच्या गल्लीत शिरलो. मग त्यांनी हळूच विचारलं, "पुढचं वाक्य मी बोललो होतो ना गं?" मी म्हटलं, "बोलला होतात, बाबा." "मला वाटलं, राहूनच गेलं की काय," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत बाबा सगळीकडे दिसतात, पण कॅमेरा जवळ आला की ते बोलता बोलता थांबतात.