टँकरचा पहिला प्लग

गॅरेज बंद पडून जमाना झाला, तरी आमच्यातले कुणी दोघं उमरग्याच्या बाजारात भेटले की चहा येईपर्यंत एक किस्सा होतोच! त्यातलं खरं किती आणि मागाहून चिकटलेलं किती, हे आता मलाही सांगता यायचं नाही. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात दुपारी सगळं अर्धं झोपेतच घडायचं. हायवे हलल्यासारखा दिसायचा आणि आम्ही हातात पाना धरून नुसते बघत बसायचो.

जळकोटजवळ आमच्या सोसायटीचं गॅरेज होतं. महबूबभाई मिस्त्री, त्यांच्या हाताखाली मी, कांबळे ड्रायव्हर, आणि सगळ्यांच्या वर सेक्रेटरीसाहेब. आमचा मुख्य पेशंट म्हणजे लिलावात घेतलेली जुनी पेट्रोलची लॉरी. तिच्यावर टाकी बसवून टँकर केला होता आणि सहा गावं न् एक वस्ती त्याच्या पाण्यावर तग धरून होती.

*

एके दिवशी टँकरचा सायलेन्सर हायवेवर गळून पडला. कंपनीचा मिळेना. मग उमरग्याच्या एका वेल्डरनं ऑइलच्या ड्रमचा पत्रा वळवून घरगुती सायलेन्सर बनवला. पाइप कमी पडला, म्हणून तो मागं न नेता पुढच्या डाव्या चाकापाशीच बाहेर काढला. वाट करायला चाकाच्या आतला पत्रा चक्क कापून टाकला.

आवाज असा, की गाडी दिसायच्या कितीतरी आधी बायका घागरी ओळीत मांडायच्या! सेक्रेटरी कानात बोटं घालून म्हणाले, "ह्याला काय सायलेन्सर म्हणायचं?"

वेल्डर शांतपणे म्हणाला, "साहेब, सायलेन्सरबिगर ऐकली न्हाय तुमी. त्या मानानं लई गप हाय!"

*

कांबळे म्हणजे पहिल्यापासून स्वप्नाळू माणूस. उन्हात डांबरी रस्त्यावर लांब पाणी चमकल्यासारखं दिसतं ना, तिथं ते गाडी हळू करायचे.

एकदा मी शेजारी बसलो होतो. म्हटलं, "कांबळेमामा, ते पाणी नाही हो, ऊन आहे."

"ठावं हाय की," ते म्हणाले. "पर एखाद्या दिशी खरं निघालं तर? कुणाच्या अंगावर उडंल न्हवं!"

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मला हसू आलं, पण पुढची चमक जवळ आली तेव्हा मीही पाय वर घेतले.

*

मग इंजिनाचे स्पार्क प्लग फुटायला लागले. चारही नाहीत, फक्त पहिला, पुढच्या चाकाजवळचा. त्याची पांढरी चिनी माती उभी तडकायची आणि टँकर तीन सिलिंडरवर खोकत परत यायचा. नवा प्लग सोलापूरहून येईस्तोवर दोन दिवस जागेवर उभा.

महबूबभाई फुटका प्लग हकिमासारखा उजेडात धरायचे, हुंगायचे आणि म्हणायचे, "मर्ज ह्याच्यात न्हाय. दुसरीकडं हाय."

"कुठं?" मी विचारायचो.

"ते कळलं असतं तर माझा चहा थंड झाला असता व्हय?"

सेक्रेटरींनी प्लगची कंपनी बदलली. फुटला! कुणाची तरी नजर लागली म्हणून त्यांनी बंपरला लिंबू-मिरची बांधली. चार दिवसांनी कांबळेंनी येऊन रिपोर्ट दिला, "साहेब, लिंबू बी वाळलं, प्लग बी फुटला!"

*

मी माझं डोकं चालवलं. पहिला प्लग चौथ्याच्या जागी आणि चौथा पहिल्याच्या जागी बसवला. फुटला तो पुन्हा पहिल्या जागेवरचाच! म्हणजे प्लग बिचारा निर्दोष.

संशय आला नव्या सायलेन्सरवर. कुठून गरम हवा गळते का, हे बघायला महबूबभाईंनी इंजिन चालू ठेवून पेटती विडी एकेका सांध्याजवळ धरली. धूर जरासुद्धा हलला नाही.

"बेगुनाह," ते म्हणाले. उरलेली विडी त्यांनी सावकाश ओढून संपवली.

*

शेवटी सेक्रेटरींनी टँकरची वही काढली. प्लग फुटायचा तो सोमवारी नाहीतर गुरुवारी. त्या दिवशी टँकर शेवटी माळावरच्या वस्तीला जायचा.

"रस्ता खराब आहे, हादऱ्यानं फुटतोय," ते म्हणाले. "आता एक जरी प्लग फुटला तर वस्ती यादीतून कमी. एका वस्तीपायी सहा गावं तहानलेली ठेवू का?"

त्यांचंही खोटं नव्हतं. पण वस्तीच्या विहिरीला तळ लागलेला आणि दुसरं पाणी तीन कोसांवर. मला त्या दुपारी भाकरी गोड लागली नाही.

*

गुरुवारी महबूबभाई आणि मी टँकरवरच बसलो. प्रत्येक गावात बॉनेट उघडून बघितलं, प्लग शाबूत. वस्तीचे खड्डे खाल्ले, हाडं खिळखिळी झाली, प्लग शाबूत!

टँकर थांबला. शेवंताबाई नावाची एक ठेंगणी म्हातारी पुढं आली. तिच्याआधी कुणी घागर लावली नाही. तिनं नळाखाली तांब्या भरला, पुढच्या चाकाशी आली आणि छातीएवढ्या उंच चाकावर सगळं पाणी भिरकावलं. कापलेल्या पत्र्यातून ते सरळ तापल्या इंजिनावर गेलं. चट्!

मी कांबळेंवर ओरडलो, "मामा, हे आजवर सांगितलं का नाही?"

"तुमी प्लग कशानं फुटतो ते इचारलं," कांबळे म्हणाले. "पाव्हण्याच्या पायावर पाणी कोण घालतं, ते कुठं इचारलं?"

मी म्हातारीला नको म्हणायला निघालो, तर महबूबभाईंनी माझा दंड धरला. "इलाज पत्र्याचा करायचा," ते म्हणाले. "तिचा न्हाय."

परत आल्याबरोबर त्यांनी कापलेल्या जागी पत्रा जोडला आणि सेक्रेटरींना गाठलं. "साहेब, एकच खेप द्या. तुमी सोता चला."

"येतो," सेक्रेटरी म्हणाले. "यादी घेऊनच येतो."

*

सोमवारी सेक्रेटरी पांढऱ्या कपड्यात कांबळेंच्या शेजारी बसले. खिशात यादी आणि पेन. मी टाकीवर बसून सगळा रस्ता मनातल्या मनात तुळजाभवानीला हाका मारत होतो.

वस्तीवर टँकर थांबला. इंजिन चालूच होतं. शेवंताबाईनं तांब्या भरला आणि चाकाकडं निघाली. सेक्रेटरी घाईनं खाली उतरले.

"अहो आजी, पिण्याचं पाणी हे! माणसांना पुरत नाही आणि चाकावर कसलं घालता?"

म्हातारी थांबली. तिनं त्यांच्या धुळीनं भरलेल्या वहाणांकडं बघितलं.

"जरा दम धरा साहेब, तुमच्या बी पायावर घालते. पर आधी त्याच्या. त्यो आठवड्यातनं दोनदा येतो. तुमी आज पहिल्यांदा आलाव!"

पाणी चाकावरून ओघळून मातीत गेलं. इंजिन चारही सिलिंडरवर चालत राहिलं. सेक्रेटरींनी वहाणा काढल्या आणि चाकाच्या मागं नंबर लावून उभे राहिले.