जवायाची गाडी समुद्रात

समुद्रपूरच्या बसस्टँडवर गेल्या वर्षी एक बातमी कानातून कानात फिरत होती. सायकलवाल्या बंडूजीनं जवायाची नवीकोरी गाडी मुद्दाम समुद्रात बुडवली! काऊन, तं म्हणे लग्नाच्या पंगतीत विहीणबाईंनी त्यांच्या वांग्याच्या भाजीला नाक मुरडलं होतं. पानठेल्यावर पोचेपर्यंत त्या बातमीत ज्याला जमेल तेवढं तिखट पडलं होतं.

बंडूजीला तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो. बसस्टँडसमोर सायकलींचं दुकान, अंगानं काडी, आणि बूड कुठं टेकायचं म्हटलं की जिवावर येतं. चहासुद्धा उभ्यानं पितात. बोलता बोलता तुमच्या सायकलचं पायडल फिरवून पाहतात. "बसा ना बंडूजी," म्हटलं की म्हणतात, "बसलोच आहो," आणि उभेच राहतात.

त्यांची एकुलती एक पोर आचल हिंगणघाटला दिली. जवाई निकेश कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग विकतो. माणूस चांगला, पण नीटनेटका इतका की त्याच्या नव्या पांढऱ्या गाडीत चप्पल काढून बसावं लागे आणि सीटवरचं प्लास्टिक त्यानं काढलंच नव्हतं. आचल जाम गावच्या शाळेत शिकवते, रोज बसमध्ये लोंबकळत जाते. तिनं गाडी शिकायचा हट्ट धरला होता. निकेशनं सांगितलं, "कोकणातून आल्यावर ठरवू. तोवर स्टेअरिंगले हात लावायचा नाई."

"ठरवू म्हंजे नाईच," त्याची आई अनुसयाबाई म्हणाली. "सुनेनं गाडी हाकली तं पोरानं काय मांगं बसून शेंगा फोडायच्या?"

हे बंडूजीच्या कानावर होतं आणि पोटात सलत होतं.

नाताळाच्या सुट्टीत निकेशनं कोकणात समुद्रकाठचं एक घर भाड्यानं घेतलं आणि आईसोबत सासूसासऱ्यांनाही गाडीनं नेलं. घर झकास. ओटीवर झोपाळा, फाटक उघडलं की वाळू. पण बंडूजीचा जीव काही थाऱ्यावर येईना. जुन्या वळणाचा माणूस, लेकीच्या घरचं पाणी पीत नाही.

"आचलचे बाबा, हे घर आचलचं आहे का? कोकणातल्या मानसाचं आहे," देवकाबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली.

"भाडं कोणं देल्लं?"

"जवायानं."

"मंग?"

झालं! बंडूजी टपरीवरून आपल्या पैशानं पाण्याच्या बाटल्या आणू लागले आणि घरून नेलेल्या चिवड्यावर दिवस काढू लागले. सोफ्यावर बसले नाहीत. झोपाळ्याच्या कड्यांना खोबरेल लावलं, गळका नळ आवळला, फाटकाचा खिळा ठोकला. दुसऱ्याच्या फुकटात राहिल्यासारखं होऊ नये म्हणून माणूस दिवसभर घरभर फिरत होता.

"मामाजी, सुट्टी आहे. बसा ना जरा," निकेश म्हणाला.

"बसलोच आहो, जवाईबुवा."

अनुसयाबाईंनी शेव खाता खाता व्याह्याला हाणलं, "ईवाई, आमच्या घरी या एकदा. तिथंही दोन नळ गळतेत."

समुद्र त्यांना सकाळी दिसला तो पार मागं सरकलेला. पुढं ओली, सपाट वाळू, डांबरी सडकेसारखी. बंडूजी म्हणाले, "आपली वेणा नदी बी उन्हाळ्यात अशीच मांगं जाते." वेणेचं पाणी मागं गेलं की पावसाळ्यापर्यंत तिकडंच राहतं. हे पाणी दुपारीच परत येतं, हे आमच्याकडच्या माणसाला कोण सांगणार?

दुपारी जेवणं झाली. निकेश आडवा झाला, दोघी विहिणी घोरायला लागल्या. निकेशला जाग आली ती बाहेरच्या आरडाओरड्यानं. फाटकाशी गाडी नव्हती. धावत वाळूवर गेला तर गाडी चाकाच्या वरपर्यंत पाण्यात, लाटा दारावर आपटून राहिलेल्या. शेजारी बंडूजी गुडघाभर पाण्यात, एका हातात बादली, दुसऱ्यात फडकं. आचल काठावर ओढणीचं टोक चावत उभी.

"गाडी इथं कशी आली?" निकेश ओरडला.

"मी आनली," बंडूजी म्हणाले. "धुवाले. नदीवर नाई का आपून धूत?"

"मामाजी! खाऱ्या पान्यात? अन् तुमाले गाडी येते?"

"भावाचा ट्रॅक्टर चालवला ना मी."

आचल काहीतरी बोलायला पुढं आली. बंडूजींनी तिच्याकडं न पाहता सांगितलं, "तू उगी राय. मायले बोलाव."

हातातलं फडकं कोरडं ठणठणीत होतं. पण त्या घडीला फडक्याकडं कोण पाहतो?

गावातल्या दोघांनी ट्रॅक्टर लावून गाडी ओढली. प्लास्टिकवर वाळू, आत शिंपले, आणि बॉनेटखाली समुद्र. मिस्त्रीनं नुसती मान हलवली. परतीचा प्रवास आधी बसनं, मग रेल्वेनं झाला. अनुसयाबाईंनी वर्ध्यापर्यंत तोंडाचा पट्टा थांबवला नाही. "धुवाले नेली म्हने! अजून दोन दिवस राह्यलो असतो तं आमाले बी धुतलं असतं!" निकेश सासऱ्याशी बोलला नाही. आणि बंडूजी? आख्ख्या प्रवासात एका जागी, खिडकीशी बसून राहिले. देवकाबाईला तर वाटलं, यांना ताप आला.

गाडी सुधरायला पुढं महिने लागले. त्या काळात निकेश घरात एकच पालुपद घोळवत होता: घरात आणखी कोणाले गाडी येत असती, तं म्हाताऱ्याच्या हातून किल्ली घेतली असती, पाणी यायच्या आत काढली असती. बोलता बोलता त्यालाच ते पटलं. आईनं डोळे वटारले तरी त्यानं आचलचं नाव ड्रायव्हिंग क्लासमध्ये घातलं. क्लासवाला म्हणाला, पोरीचा हात आधीपासूनच बसलेला दिसते. निकेशला त्याचा अभिमानच वाटला!

आता आचल त्याच गाडीनं जामला जाते. बंडूजी मात्र सगळ्यांच्या तोंडी आहेत. पोरंसोरं दुकानासमोरून ओरडतात, "बंडूजी, आमची बी गाडी धुता का?" ते पायडल फिरवत हसतात. जवायानं बोलणं सुरू केलं, पण सासरा समोर आला की किल्ली खिशात घालून बसायचा.

परवा आचल माहेरी आली, दुकानासमोर गाडी लावली आणि शेजारच्या पानठेल्यावर मला म्हणाली, "काका, मी घरी सांगून टाकलं सारं. आता तुमी बसस्टँडवर सांगा. तुमच्यापेक्षा लवकर कोण सांगन?"

तर सांगतो. माहेरी आली की ती दुसऱ्याच्या गाडीवर चोरून शिकत होती. त्या दुपारी मोकळी वाळू पाहून गाडी तिनंच नेली. वळवताना चाक रुतलं आणि पाणी आलं. बंडूजी बादली घेऊन मागून धावले. त्यांना भाऊ नाही, ट्रॅक्टर नाही, आणि सायकलशिवाय काही चालवता येत नाही.