तिसरी शाल

क्रांती चौकाजवळच्या एका कौशल्य केंद्रात मी मुलाखत कशी द्यावी हे शिकवतो. खुर्चीत कसं बसायचं, किती हसायचं, वगैरे.

सिल्लोडची एक बाई आमच्याकडे इलेक्ट्रिक पॅनेलचं वायरिंग शिकली. पुंडलिकनगरात भाड्याची खोली, दोन मुली, नवरा नाही. ठेकेदारामार्फत तिला कारखान्यात काम लागलं आणि केंद्रानं शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. सात महिन्यांनी तिला ‘ब्रेक’ मिळाला. म्हणजे काढून टाकायचं, काही दिवस घरी बसवायचं आणि नव्यानं घ्यायचं. कायम करायचा प्रश्नच उरत नाही. ती परत रुजू झाली, की आमच्या अहवालात आणखी एका महिलेला रोजगार मिळालेला असतो. म्हणून दुसरा सत्कार.

गेल्या वर्षी दुसरा ब्रेक संपत आला आणि ती परत रुजू व्हायच्या आधीच तिसरा ठरला. पाहुणे स्त्रीशक्तीवर इतका वेळ बोलले, की त्यांचा चहा दोनदा गरम करावा लागला. तेवढ्यात ती माझ्या कानाशी म्हणाली, आज मी बोलणार. ठेकेदार पहिल्या रांगेत होता. बोललात तर तो परत बोलावणार नाही, हे मी तिला सांगितलं.

“नाय बोलले तर बोलावंल, सर. सात महिन्यांसाठी.”

नाव पुकारलं गेलं. ती माइकपाशी गेली.

“मला तिसऱ्यांदा नोकरी लागली. बाकडं तेच, काम तेच, ठेकेदारसाहेब बसलेत तेपण तेच. कायम कधी करता तेवढं सांगा, मग शाल घेते. दोन घरी पडल्यात.”

मागच्या बाया आधी हसल्या, मग टाळ्या वाजवू लागल्या. संचालकांनी घाईनं राष्ट्रगीत लावलं. निदान सगळे उभे तरी राहिले.

ठेकेदारानं तिला खरंच बोलावलं नाही. ती चिकलठाण्यातल्या लहान कारखान्यांतून एकटी हिंडली. गेल्या गेल्या विचारायची, ब्रेक देता का. दोन ठिकाणी दार दाखवलं. तिसऱ्या मालकानं तिला विचारलं, इथं मुलाखत कोण कुणाची घेतंय?

“दोघं एकमेकांची,” ती म्हणाली.

त्यानं कामाचा नमुना करून घेतला आणि नेमणूकपत्र पुढं केलं. तिनं ते उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. कामगाराला कधीही कमी करता येईल, अशी एक ओळ शेवटी होती. ती तिनं त्याच्याच पेनानं त्याला खोडायला लावली आणि मग सही केली.