श्रावण पाळणारा माणूस

श्रावण लागला की आमच्या घरी सगळे सुटकेचा निःश्वास टाकायचे. गटारीच्या रात्री मटण आणि दारू नाकापर्यंत झाली, की दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा अंघोळ करून जी बाटली बंद करायचा ती थेट गणपती विसर्जनापर्यंत. एरवी रोज प्यायचा, हे आमच्या खरवईच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच सासूबाई जिन्यात उभ्या राहून, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "बेवडा असता तर महिनाभर राहिला असता का?"

पण ते पहिले दोन-तीन दिवस त्याच्या शेजारी मी झोपायचे. चादर घामाने ओली व्हायची, हातात कप धरवायचा नाही, झोपेत ओरडायचा. दरवर्षी आधीच्या वर्षापेक्षा जास्त. एका श्रावणात तो बाथरूममध्ये पडला आणि दारू न पिताच जीभ चावून रक्तबंबाळ झाला. सासूबाई म्हणाल्या, उपासाची चक्कर. बदलापूरचे डॉक्टर माझ्यावरच चिडले. "फिट होती ती. रोज पिणाऱ्याने असं एकदम तोडायचं नसतं, जिवावर बेतेल. पुढच्या वेळी आधी इथे आणा, औषधं देऊन सोडवू. आणि नंतर टिकायला दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला जाऊ दे त्यांना."

मीटिंगचं नाव काढताच नवरा हसला. मोरिवलीच्या कंपनीत ऑफिसर होता तो, हाताखाली माणसं होती. "मी श्रावण पाळतो. तिथे बेवडे जातात."

मग मीच निघाले. डॉक्टरांनी दिलेल्या नंबरवर एका माणसाने अगदी गोड आवाजात विचारलं, "पिणारे तुम्ही की घरचं कुणी?" अंबरनाथला, शिवमंदिराच्या बाजूला, शाळेच्या एका वर्गात संध्याकाळी जमतात म्हणाला, घरचेही येऊ शकतात. मी देवळात जाते असं सांगून निघाले. सासूबाईंनी खूश होऊन हातात बेल दिला. मुलांच्या बाकड्यावर गुडघे अडकवून बसले आणि पाहते तर ही माणसं हसत होती! कुणी "आज प्यायलो नाही" एवढंच म्हटलं की टाळ्या. मला इतका राग आला. आमच्या घरात मरणाची भीती आणि इथे यांचं हसणं चाललंय.

चहाच्या वेळी उल्हासनगरचे एक सिंधी काका शेजारी येऊन बसले. कपड्याचं दुकान मुलाकडे सोपवलेले, पांढरीशुभ्र सफारी घातलेले. मी श्रावणाचं सांगितलं तसे ते हसायचे थांबले. "ताई, आमच्यात चालीहो असतो. चाळीस दिवसांचा उपास. मी पण दरसाल एक बूंद नाही घ्यायचो. घरवाले बोलायचे, देखो, कंट्रोल है. तो कंट्रोलच मला आयसीयूत घेऊन गेला. बेवड्याला इथे आणता येतं. व्रतवाल्याला आणणं मुश्कील."

पुढच्या वर्षी गटारी जवळ आली तसं माझं जेवण सुटलं. इतरांच्या बायका त्या रात्री नवऱ्याने कमी प्यावी म्हणून भांडतात. मी त्याच्या ताटाशी बसून विनवत होते, "अहो, उद्या एकदम बंद करू नका. सकाळी डॉक्टरांकडे जाऊ, मग सोडा." सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "श्रावणात पी म्हणून सांगणारी बायको मी पहिल्यांदा बघितली," म्हणाल्या. नवऱ्याने ग्लास भरून घेतला आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अंघोळ केली, कपाळाला गंध लावलं. डॉक्टरांचं नाव काढू दिलं नाही. दुपारनंतर मात्र स्वतःच म्हणाला, "चल, तुझ्या मीटिंगला येतो. दाखवतो त्यांना, न शिकवता कशी सोडतात ते." इस्त्रीचा शर्ट घातला. अंबरनाथ येईपर्यंत तो पाठीला चिकटला होता.

वर्गात त्याची पाळी आली तेव्हा तो उभा राहिला. "आज सकाळपासून एक थेंब नाही," छाती काढून म्हणाला. सगळे त्याच्या हातातल्या चहाच्या ग्लासाकडे बघत होते. चहा त्याच्या बोटांवरून खाली सांडत होता आणि त्याला त्याचा चटका जाणवत नव्हता.

"टाळ्या नाही वाजवत का?" त्याने हसून विचारलं.

सिंधी काका उठले. "साहेब, आखरी कब पी थी?"

"काल रात्री. गटारी होती ना."

काकांनी त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला. "ताई, मीटिंग बाद में. पहले अस्पताल."

वर्गातल्या एकाने पळत जाऊन रिक्षा आणली. नवरा भांडेल असं वाटलं होतं, पण तो मुकाट्याने बसला. एका बाजूला मी, एका बाजूला काका. त्याची मांडी माझ्या मांडीला लागून सारखी थरथरत होती. थोडं पुढे गेल्यावर त्याने पाय वर घेतले आणि माझ्यावर खेकसला, "हे कुत्रं कशाला घेतलंस आत?"

खाली फक्त आमच्या चपला होत्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. "उतार देते हैं, साहेब," ते हळू म्हणाले. "आगे उतार देते हैं." आणि लवकर चल म्हणून रिक्षावाल्याचा खांदा दाबला.

लग्न झाल्यापासून मी एकच मागितलं होतं, की याची दारू सुटावी. ती सकाळपासून सुटली होती, आणि मी त्याचा घामेजलेला हात दोन्ही हातांनी धरून, हा माणूस सकाळ बघेल की नाही या भीतीने रडत होते.