किल्ली द्या, मग परकर घालते

"पूस ते," मोठे गुरुजी म्हणाले.

"कशानं, गुरुजी?"

"अंगात सदरा हाय न्हवं? त्यानं."

मी चौथीत होते. मुलांच्या ओळीत बसले होते. माझ्या खालची तरटाची पट्टी भिजली होती आणि तिच्यातून ओघळ निघून फरशीवरून पुढे चालला होता. समोर खुर्चीत दिपोटीसाहेब बसले होते. शाळेची तपासणी करायला तालुक्याहून आले होते. त्यांनी नाकाला रुमाल लावला. मी गुडघ्यावर बसले, सदऱ्याचा पुढचा घेर दोन्ही हातांत धरला आणि फरशी पुसली. मागून कुणीतरी ओरडलं, "पलटण मुतली रं!" सगळा वर्ग हसला. दिपोटीही हसले. तोंड रुमालाआड होतं, पण खांदे हलत होते.

ते खांदे मी विसरले नाही. विसरणारही नाही.

हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही. नवऱ्याशीसुद्धा मोठ्यानं बोलायला मला दोन वर्षं लागली. पण आत साचलंय ते कुठंतरी ओतायला पाहिजे.

ही गोष्ट दुष्काळाच्या आदल्या सालची. आमचं गाव तासगावहून विट्याला जाणाऱ्या रस्त्याच्या आत. शाळा पाटलांच्या वाड्यासमोर, आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडे. दिपोटी येणार म्हणून गुरुजींनी आठ दिवस आधीच दम दिला होता, "ज्याच्या अंगावर गणवेश नसंल त्यानं त्या दिवशी घरी बसायचं. शाळंची अब्रू घालवायची न्हाई."

मला घरी बसायचं नव्हतं. मला पाढे येत होते. तीसपर्यंत. दिपोटी पाढे विचारतात असं ऐकलं होतं.

मी आईला सांगितलं, गणवेश पाहिजे. आईनं विचारलं, "कसला असतो?" मी म्हणाले, "खाली खाकी न्हाईतर निळं, वर पांढरं." निळं कापड घरात नव्हतं. खाकी होतं. माझे वडील, आबा, पलटणीत होते. रजेवर येताना जुनी पाटलूण घेऊन यायचे आणि आई तिच्या दोन नळ्या कापून थोरल्या भावाला चड्डी शिवायची. भाऊ मिरजेला हॉटेलात कामाला लागला होता, त्याची एक चड्डी पेटीत पडून होती. आईनं तीच काढली. कमरेत चुण्या घेतल्या, नाडी ओवली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. कारण आबांनी एकदा जेवताना सांगितलं होतं, "पलटणीत सुभेदाराची पाटलूण आन माझी पाटलूण येकाच ताग्यातली. अंगावर चढली की कोन कुनाचा, कुटल्या गावचा, काय कळत न्हाई." आमच्या घराला गणवेश म्हणजे काय ते एवढंच ठाऊक होतं. सगळ्यांना एक कापड. त्यात बाईचं वेगळं आणि पुरुषाचं वेगळं असतं हे आम्हाला कोण सांगणार? पलटणीत बाया नसतात.

मी चड्डी घालून, वर भावाचाच पांढरा सदरा घालून शाळेत गेले. मान वर करून गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

गुरुजी दारातच उभे होते. मला खालीवर बघितलं.

"हे काय सोंग? पोरगा हायेस का पोरगी?"

मी सदरा खाली ओढला.

"गणवेश हाय गुरुजी," मी म्हणाले.

"आसं व्हय! चड्डी घातलीस न्हवं? मग बस पोरांच्या वळीत. दिपोटीसाहेबांस्नी वळ सरळ दिसाय पायजे. खाकी खाकीत, निळं निळ्यात."

म्हणून मी मुलांच्या ओळीत बसले. डावीकडचा मुलगा चिमटे काढत होता. उजवीकडचा तरटावरून सरकून बसला, माझा विटाळ नको म्हणून. मी हललेसुद्धा नाही. पाढे मनात म्हणत राहिले.

आता मुतारीचं सांगते. लाजायचं ते गुरुजींनी लाजायचं होतं, मी का लाजू?

शाळेच्या मागे मुलांसाठी एक दगडी आडभिंत होती. मुलींसाठी चार भिंतींची, पत्र्याची, लाकडी दाराची मुतारी होती. सरकारनं बांधून दिलेली. दारावर निळ्या रंगात लिहिलं होतं, 'मुलींसाठी'. आणि दाराला कुलूप. किल्ली गुरुजींच्या कोटाच्या खिशात. आत गुरुजींच्या म्हशीचा कडबा. आम्ही मुली घायपाताच्या आड जायचो. एकटी कधी नाही. एक बसायची, दुसरी पाठ करून उभी राहायची, तिसरी पोरं येतात का ते बघायची. पोरं यायचीच. खडे मारायची. म्हणून आम्ही सकाळी पाणी प्यायचं सोडून दिलं होतं. वर्गातल्या सगळ्या मुलींचे ओठ सुकलेले असायचे आणि गुरुजी म्हणायचे, पोरींना अभ्यासात झोप येते.

दिपोटी आले त्या दिवशी मात्र कडबा निघाला. फिनेल पडलं. गुरुजींनी कुलूप काढून साहेबांना आत डोकावायला लावलं आणि लगेच पुन्हा लावलं. मग साहेब वर्गात आले आणि विचारलं, "बाळांनो, तुमच्या शाळेत काय काय सोयी आहेत?"

पाटलांची शालन उठली. तिला आठवडाभर घोकून घेतलं होतं. "आमच्या शाळेत मुलींसाठी स्वतंत्र मुतारी आहे," ती खणखणीत म्हणाली. शालननं ती मुतारी आतून कधी बघितली नव्हती. तिला बघायची गरजच नव्हती. तिला लागली की ती रस्ता ओलांडून वाड्यात जायची.

साहेब म्हणाले, "छान."

तेव्हाच मी करंगळी वर केली होती. कधीपासून वर धरली होती. गुरुजी जवळ आले, वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "काय?"

"जायाचंय."

"जा की. पोरांच्यात जा. चड्डी हाय."

"तिथं पोरं हायती. किल्ली द्या गुरुजी."

"ती पोरींची हाय," ते म्हणाले. "तू आज पोरगी हायेस का?"

आणि हसत हसत साहेबांकडे गेले.

मी घायपाताकडे एकटी जाऊ शकत नव्हते. सोबतीला मुलगी मागावी तर मुलींच्या ओळीला उठायची बंदी. आडभिंतीकडे मोठी पोरं घुटमळत होती. मी मांड्या आवळून बसले. तीसचा पाढा म्हणत बसले. साहेबांनी पाढे विचारलेच नाहीत. त्यांनी स्वागतगीत ऐकलं, मग दुसरं गाणं ऐकलं. दुसऱ्या गाण्याच्या मध्येच माझ्याच्यानं धरवलं नाही.

मग ते 'पूस ते'.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी आईला बोलावलं. आई कामावरून तशीच, चिखलाच्या पायांनी आली. पायरीच्या खाली उभी राहिली. गुरुजी म्हणाले, "बाई, तुमच्या पोरीनं शाळंची इज्जत घालवली. परकर शिवा न्हाईतर घरी ठेवा." आईनं पदर पसरला. "चुकलं गुरुजी," म्हणाली. काय चुकलं ते तिला माहीत नव्हतं. गरिबाला काय चुकलं ते कळायच्या आधी चुकलं म्हणायची सवय असते.

तिथून आई मला पाटलांच्या वाड्यावर घेऊन गेली. पाटलीणबाई उंबऱ्याच्या आतून म्हणाल्या, "शालनचा जुना परकर हाय. घे." आणि वरून टाकला. आईनं पदरात झेलला. "आन काय गं ए मिलट्री, ह्येच्यात तरी मुतू नगंस." आतल्या बाया हसल्या. एका दिवसात माझं नाव वाड्यापर्यंत पोचलं होतं. मिलट्री.

मी परकर आईच्या पदरातून उचलला आणि उंबऱ्यावर ठेवला.

"मला नगं."

आईनं दंडाला चिमटा घेतला. पाटलीणबाई म्हणाल्या, "बघा की, जीब फुटली!"

फुटली खरी. त्याच्या आधी मी मोठ्या माणसासमोर 'नगं' हा शब्द कधी उच्चारला नव्हता. घरी आईनं मारलं. मारता मारता तीच रडायला लागली. मी रडले नाही. मला एकच गोष्ट दिसत होती. चड्डी घातली म्हणून मुलगी नाही आणि परकर घातला तरी कुलूपच. मग भांडण कपड्याचं नव्हतंच. भांडण जागेचं होतं. आम्हाला बसायला जागा द्यायचीच नव्हती त्यांना, वर्गातही आणि वर्गाबाहेरही. कपडा नुसता निमित्ताला.

दुसऱ्या दिवशी तीच चड्डी घालून गेले. धुऊन, वाळवून. आणि मुलींच्या ओळीत बसले.

गुरुजी आले. "ऊठ."

"न्हाई."

"परकर कुटं हाय?"

"किल्ली द्या," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. "किल्ली द्या, मंग परकर घालते."

मी करंगळी वर केली. जायचं असलं की करतो तशी. गुरुजींनी छडी मारली ती त्या करंगळीवर. पुन्हा मारली. बोट सुजून वांग्यासारखं झालं. ते अजून सरळ होत नाही. मी हात खाली घेतला नाही. शेवटी त्यांनी मला दंडाला धरून ओट्यावर काढलं. "हितं बस. आत यायचं न्हाई."

मी ओट्यावर बसले. ऊन, वारा, पोरांच्या लाथा. खिडकीतून ऐकून शिकले. रोज गुरुजी आत जाताना मी करंगळी वर करायचे आणि म्हणायचे, "किल्ली." ते मान फिरवून जायचे. एका मुलीनं मला विचारलं, "तुला भ्या वाटत न्हाई व्हय गं?" वाटत होतं. अजून वाटतं. पण भीतीला मी ओट्यावर माझ्याशेजारी बसवायला शिकले.

चौथी पास झाले. पाचवीला तालुक्याला जायचं होतं. आबा रजेवर आले होते. मी त्यांच्या पायाशी बसले. "आबा, तुमीच म्हणाला हुतासा. समद्यास्नी येकच कापड."

आबा विडी विझवून म्हणाले, "ते पलटणीत गं. हितं गाव हाय. बास झाली शाळा."

त्या माणसानं सीमेवर गोळ्या झेलल्या होत्या. गुरुजींच्या दारात जायला घाबरला.

माझं लग्न कराडच्या पलीकडे झालं. सासरी उसाच्या रानात राबते. आता चार दिवसांसाठी माहेरी आले आहे, आणि का आले ते सांगते. आईचा निरोप आला, सुलीला न्हाण आलंय, वटी भरायला ये. सुली माझी धाकटी बहीण. गावातली शाळा आता सातवीपर्यंत झाली आहे. सुली सहावीत आहे, पहिल्या दोनांत असते. न्हाण आलं म्हणून तिला घरात वेगळ्या पोत्यावर बसवलं आहे. काल आई कुंकू कालवता कालवता म्हणाली, "आता शाळा बास. मिरजंचं येक ठिकान सांगून आलंय."

मी सुलीजवळ बसले. "तुला शाळा सोडायची हाय का?"

"न्हाई गं अक्का." ती पायाच्या बोटांकडे बघत होती. "पर कुटं जाऊ? चिंधी बदलायची झाली तर कुटं जाऊ? घायपाताच्या तिकडं आता बांधावर मोटरीचं घर झालंय. गडीमानसं आस्त्यात."

"आन ती मुतारी?"

सुली माझ्याकडे मी खुळी असल्यासारखी बघायला लागली. "ती? त्येच्यात कडबा हाय की."

आठ वर्षं. तेच गुरुजी. म्हैस मात्र बदलली असेल.

आई म्हणते, समद्या पोरींचं आसंच हुतं. हो, होतं. होतं म्हणून सुली सोडली तर पाचवीच्या पुढे आमच्या वस्तीतली एक मुलगी दिसत नाही. मग हेच लोक सभेत सांगतात, पोरींना शिक्षणाची आवड नाही, आईबाप अडाणी आहेत. आम्ही अडाणी नाही. तुम्ही आम्हाला तहानलेलं ठेवून, मुतायला लावून, हसून हाकललंत. सुलीला न्हाण आलं हा सुलीचा गुन्हा नाही. ती मिरजेला जाणार नाही. आईला मी हे दुपारी सांगितलं. आई बोलत नाही माझ्याशी. नको बोलू दे.

सगळी रानात गेली आहेत. म्हणून हे लिहायला बसले.

सोमवारी सुलीला घेऊन मी शाळेत जाणार आहे, वर्ग भरल्यावर. सगळ्यांसमोर गुरुजींकडे किल्ली मागणार. एकदाच मागणार. दिली तर कडबा त्यांनी स्वतः बाहेर काढायचा. नाही दिली तर काकांच्या रानातली पहार मी मागून ठेवली आहे. कुलूप दिवसाढवळ्या तोडीन, चोरासारखी नाही. फौजदार आला तर माझं नाव, बापाचं नाव, नवऱ्याचं नाव मोठ्यानं सांगीन. नवरा टाकील म्हणतात. टाकू दे. सुली मंगळवारी शाळेत असेल. बुधवारीही.