वहिनीने कोरा केलेला फोन

आमच्या वहिनीचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं! काउंटरवर मी, कव्हरं, चार्जर आणि लोकांची कटकट सांभाळायला. मागे भिंगाखाली मान घालून वहिनी. दादा ट्रक घेऊन सदा बाहेरगावी, म्हणून घर आणि दुकान दोन्ही तिच्याच डोक्यावर. तोंडाची फटकळ. "फोन पाण्यात पडला हो," असं कोणी म्हटलं की विचारते, "आपण होऊन उडी मारली का त्याने?" तरी माणसं परत येतात, कारण काम चोख. फोन कोरा करायचा असला की आधी विचारणारच, "यातलं काही ठेवायचंय का?" माणूस घाईने नाही म्हणाला तरी पुन्हा विचारते. फोटो गेले म्हणून रडणारी माणसं तिने पुष्कळ पाहिलीत.

सगळ्या जगाला विचारणाऱ्या या बाईने स्वतःच्या पोरीला मात्र विचारलं नाही. मला अजून त्याचा राग येतो.

बबडी, माझी भाची, आठवीत आहे. लहानपणापासून बोलताना अडखळते. घरी आम्हाला त्याचं काही वाटत नाही. ती अडली की वहिनी कामातून मान वर न करता पुढचा शब्द पुरवते. पण वर्गात तिला कविता म्हणायला लावली, तेव्हा कोणा कारट्याने ती चोरून रेकॉर्ड केली. मग त्याला कोंबडीचे आवाज जोडले, गाणी जोडली, आणि वर्गाच्या ग्रुपवर रोज नवी क्लिप. जाता-येता "क-क-काय गं?" ते वेगळंच. पोरीचं जेवण तुटलं. शाळेची वेळ झाली की पोट दुखायचं. आणि आम्ही दोघी शहाण्या तिला पोटाचं औषध पाजत होतो!

वहिनीला कळलं ते बबडीच्या फोनची बॅटरी बदलताना. फोन सुरू झाला आणि ग्रुपवर नवीन क्लिप येऊन पडली. तिने एक ऐकली, मागची ऐकली, तिच्या मागची ऐकली. तिचा चेहरा बघून मी गिऱ्हाइकाला बाहेर काढलं आणि शटर अर्धं ओढलं.

"या घाणीत राहत होती गं माझी पोर," एवढंच म्हणाली. मग तिला जे येतं ते तिने केलं. ग्रुप सोडला, खातं बंद केलं, फोन पार कोरा केला. बबडी शाळेतून आली तेव्हा तो तिच्या हातात ठेवून म्हणाली, "घे. गेलं सगळं." बबडी नुसती फोनकडे बघत राहिली. मला वाटलं, सुटली बिचारी.

दुसऱ्या दिवशी वहिनीने शाळेच्या फाटकात उभं राहून एकेकाचा उद्धार केला. व्हायचं तेच झालं. मधल्या सुट्टीपर्यंत ग्रुपच गायब, आणि सगळी कार्टी धुतल्या तांदळासारखी. मुख्याध्यापिका गोड आवाजात म्हणाल्या, "मुलं आहेत, थट्टामस्करी चालायचीच." माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "बाई, मुलांच्या छळाविरुद्ध देशभर नवा कायदा झालाय, फोनवरच्या छळासकट. तुम्हीच दारावर त्याचं पोस्टर लावलंय. तक्रार घ्यावीच लागेल." त्यांनी ती घेतली, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून.

कायद्याप्रमाणे मुलांच्या संरक्षणाच्या अधिकारी शाळेत आल्या. वयाने लहानच, पण आवाज शांत. म्हणाल्या, "ॲपच्या कंपनीकडून क्लिपा मागवता येतात, पण कुठल्या खात्यावरून आल्या ते तरी दाखवावं लागतं. फोन कुठाय?" वहिनीने पुढे केला. त्यांनी तो उघडून पाहिला आणि विचारलं, "यात तर काहीच नाही. कोणी काढून टाकलं?"

तेव्हा बबडी बोलली. "मी ठे-ठेवलं होतं सगळं. दा-दाखवायला. वर्गात त्या क-क-"

"कायद्याचं," वहिनी म्हणाली.

"कायद्याचं सांगितलं, तेव्हापासून. रोज ऐकून, ना-नावासकट जपून ठेवलं. आई, तू ते प-प-"

"पुसलं," वहिनीच्या तोंडून निघून गेलं.

अधिकारी बाई म्हणाल्या, "मुलीचा जबाब हाही पुरावाच. पण तिच्याच शब्दांत हवा, मध्ये कोणी बोलायचं नाही. आणि मला तो रेकॉर्ड करावा लागेल."

रेकॉर्ड म्हटल्यावर बबडी पांढरीफटक पडली. वहिनीने हात जोडले. "नको हो! त्यानेच तर तिचं हे झालंय. मी सांगते ना तिच्या वतीने."

"तसं चालत नाही, ताई. तिच्यावर जबरदस्ती मात्र नाही. ती नाही म्हणाली तर इथेच थांबू."

म्हणजे तक्रार बारगळणार, आणि उद्यापासून ती पोरं दुप्पट चेकाळणार. हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. बबडीने बाईंच्या हातातल्या यंत्राकडे बराच वेळ पाहिलं. मग मानेनेच हो म्हणाली, आणि आम्हाला दोघींना हाताने दार दाखवलं.

व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. आतून थोडं बोलणं यायचं, मग मोठी शांतता, मग पुन्हा थोडं. शांतता झाली की वहिनीचे ओठ हलायचे. "अडली असेल गं," ती म्हणाली. "अडू दे," मी म्हटलं. शाळा सुटली. शिपाई खोल्यांना कुलपं लावत आला आणि आम्हाला बघून मागे फिरला.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. बबडीचे डोळे सुजलेले, केस घामाने कपाळाला चिकटलेले. वहिनी ताडकन उठली. "झालं ना बाळा? चल घरी."

बबडीने नाही म्हणून मान हलवली. "पा-पाणी दे." बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली, तोंड पुसलं. "अजून खूप आहे. क्लिपा तर ते न-नंतर करायला लागले, आई. आधीचं तुला काहीच माहीत नाही."

बाटली घेऊन ती आत गेली आणि दार लावून घेतलं.